ज्याचा हात आत

"जाऊबाई रुसल्या," असं म्हणून आईनं यंत्राच्या पाठीवर थाप मारली आणि पिशवीतला पाना लेकीच्या हातात दिला.

टेनिसचे चेंडू फेकणाऱ्या त्या यंत्राला आई जाऊबाई म्हणायची. एका घरात नांदायचं, पण एकमत म्हणून व्हायचं नाही. छातीतलं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी तिला हातानं चेंडू टाकायला साफ मनाई केली होती, तेव्हा कुणाचं तरी वापरलेलं हे धूड घरात आलं. आता आई खुर्चीत बसून तोंडानं शिकवायची आणि चेंडू जाऊबाई फेकायच्या.

लेकीनं आधी मागचं बूच फिरवून फ्यूज काढला. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी. ती तिनं जाकिटाच्या खिशात टाकली. ज्याचा हात आत, त्याच्या खिशात फ्यूज, हा आईचा नियम. मध्येच कुणी बटण दाबलं तर बोटं जायला नकोत. मग तिनं झाकण उघडलं. दोन रबरी चाकांच्या मधोमध दवानं भिजून फुगलेला एक चेंडू घट्ट रुतून बसला होता. तिनं चाक हातानं उलटं फिरवलं, तसा तो सुटून पायाशी पडला. चाकांना चिकटलेली लव तिनं फडक्यानं पुसून काढली.

पुस्तकं वाचून वाचून हात अगदीच कामातून गेले नाहीत म्हणायचे, असं आई म्हणाली. एकदा चालू करून बघू या, असं लेकीचं म्हणणं. पण तिच्या बसची वेळ झाली होती. बस काय तुझ्या काकाची आहे थांबायला, सकाळी मी बघते, असं म्हणत आईनं तिला फाटकाकडे ढकललंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्याच शिकवणीत, कोर्टाच्या कडेच्या त्या खुर्चीत आईचा जीव गेला. लेक धावत आली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला फ्यूज लागला.

भेटायला येणारे सांगत, शेवटपर्यंत शिकवत होत्या हो. ते ऐकलं की तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: फ्यूजविना बंद पडलेलं यंत्र आणि शेजारी उभी राहून, डॉक्टरांची मनाई मोडून, हात उचलून चेंडू टाकणारी आई. त्या सकाळी कोर्टावर कोण होतं हे तिला ठाऊक होतं. विचारायची छाती झाली नाही. वडिलांजवळ तर विषयच निघाला नाही. ती त्यांच्याकडेच राहिली, दोन्ही वेळा स्वयंपाक केला, कपड्यांच्या घड्या घातल्या. पण त्यांच्या नजरेला नजर देणं तिला जमेना. त्यांनी मीठ मागितलं की ती मीठ पुढे करायची. जेवण झालं की ते मागच्या पायरीवर जाऊन बसत. एका घरात दोन पाहुणे उतरावेत, तसं चाललं होतं.

एका संध्याकाळी आईची जुनी विद्यार्थिनी आली. दातांची डॉक्टर. त्या सकाळी कोर्टावर हीच होती. शिकणाऱ्या सगळ्यांच्या मनात आहे की शिकवणी मोडू द्यायची नाही, तर यंत्र जरा बघशील का, असं तिनं भीत भीत विचारलं. लेक खाली मान घालून म्हणाली, ते बंद आहे, त्यात फ्यूजच नाही.

"बंद कुठलं? अडकलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेवटच्या चेंडूला मी रॅकेट उचलून उभी राहिले, आणि तो आलाच नाही. म्हणून वळून पाहिलं, तर ताईंनी मान टाकलेली."

लेकीनं हत्यारांची पिशवी उचलली. वडील काही न विचारता चपला घालून मागोमाग निघाले.

कोर्टावर अजून उजेड होता. तिनं यंत्राचं बूच फिरवलं. आत फ्यूज होता. तो हाताच्या सवयीनं तिच्या खिशात गेला. मग झाकण उघडून ती बघतच राहिली. चाकांच्या मधोमध चेंडू रुतला होता.

बंद यंत्रात चेंडू अडकत नाही. चाकं फिरत असली, तरच ती त्याला आत ओढतात. आदल्या संध्याकाळी तर तिनं स्वतःच्या हातानं चाकं मोकळी केली होती. म्हणजे या चेंडूपर्यंत सगळे चेंडू जाऊबाईंनीच फेकले होते. आईनं हात उचललाच नव्हता.

हा फ्यूज आला कुठून, असं तिनं वडिलांना विचारलं, तेव्हा ते जरासे हसले. नियम करणारी तीच आणि खिशात घालून घरी आणणारीही तीच, ते म्हणाले. धुण्यात मला इतके सापडायचे की डबा भरून ठेवलाय. त्यातलाच एक तिनं त्या सकाळी नेला असणार.

लेक यंत्राला टेकून खाली बसली. किती दिवसांनी छाती भरून श्वास आला. हसू आणि रडू एकदमच फुटलं, आणि त्यातच तिनं वडिलांना सगळं सांगून टाकलं. बस, खिसा, दवाखान्याच्या पायऱ्या.

"म्हणून तू माझ्याकडे बघत नव्हतीस?" वडील म्हणाले. "रोज चेंडू गोळा करायला मी यायचो. त्या दिवशी गुडघ्याचं निमित्त करून झोपून राहिलो. मला वाटलं, तू मला दोष देतेस."

ती उठली. हात फडक्याला पुसायचंही तिला सुचलं नाही. तसाच काळा हात तिनं त्यांच्या हातात दिला.

"बाबा, आई आपल्यामुळे गेली नाही," ती म्हणाली. "तुमच्यामुळे नाही, आणि माझ्यामुळेही नाही."