पेलेल तेवढी
आजारपणानंतर लेकीला पुन्हा सरावाला जायची परवानगी मिळाली, म्हणून मायलेकी बेसबॉलची बॅट घ्यायला आल्या. दुकानदाराने आधी नेहमीच्याच वजनाची बॅट दिली. "एका हाताने बाजूला आडवी धर. टोक झुकलं तर जड समजायची." टोक लगेच झुकलं. तिच्याहून हलकी दिली, तीही झुकली. आई बघत राहिली. रडू येत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. शेवटी सगळ्यात हलकी बॅट हातात स्थिर राहिली. "ही तर चौथीतल्या पोरांची!" लेक म्हणाली. "राहू दे, पुढे बघू," आई पुटपुटली. "पुढे कशाला? चेंडूला थोडंच कळतंय!" लेकीने पाय रोवून बॅट जोरात फिरवली. तोल जाऊन ती पडली. टोपी निसटली, नुकते उगवलेले केस दिसले. आई जागची हललीच नाही. लेक उठली. "मागे सर, आई. पुन्हा मारते." आई मागे सरली.