फोटोतल्या बाई

“आई, ‘कायमचे बंद’ काढून टाकलं. आता नकाशावर आपलं दुकान सुरू दिसतंय,” मृदुलानं फोन पुढे केला.

हेमलताला तो ‘बंद’ शब्द पहिल्यापासून टोचत होता. कासाराच्या घरात असलं कोणी बोलत नसे. रात्री दुकान वाढवायचं, आणि हातातली बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. नवरा गेला त्या दिवशी जावांनी तिच्या बांगड्याही वाढवल्या होत्या, मोरीतल्या दगडावर.

मृदुलानं दुकानाच्या नावाखाली जुनाच फोटो ठेवला होता. त्यात चेहरा नव्हता, फक्त गिऱ्हाइकाला बांगड्या भरणारे हेमलताचे हिरवेगार हात.

तो फोटो बघूनच दुपारी एक बाई लग्नाच्या मुलीला चुडा भरायला घेऊन आल्या. हेमलतानं मुलीचा तळवा दाबून मऊ केला, अंगठा मुडपला आणि पहिली बांगडी बोटांवर चढवली. तेवढ्यात बाईंची नजर हेमलताच्या मोकळ्या मनगटांवर गेली.

“राग मानू नका,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण फोटोतल्या बाई नाहीत का? शुभकार्य आहे, त्यांनी भरला असता तर बरं झालं असतं.”

मृदुला ताडकन उठली. हेमलतानं तिला नजरेनंच बसवलं.

“त्या गेल्या,” ती म्हणाली. “आमचे मालक गेले त्याच दिवशी.”

मग मुलीच्या बोटांवर अडकलेली बांगडी तिनं हलक्या हातानं उतरवून घेतली, वाढू नये म्हणून.