कोरी पायरी

देशमुखांच्या समाधीच्या पायऱ्या मधोमध बोटभर झिजल्या आहेत. सर्वांत खालची मात्र अजून कोरी, धारदार कडेची.

"काळ्या दगडाची छत्री, वर चुन्याचा घुमट. आत आमचे सात पिढ्यांचे कर्ते पुरुष," सुधाकरराव पाहुण्यांना सांगत होते. "घरच्या सुनांच्या अस्थी या पायऱ्यांखाली. चरणांपाशी जागा मिळते, हाच त्यांचा मान."

"आणि ही कोरी पायरी?"

"ही आमच्या वहिनींसाठी बसवून ठेवली आहे," म्हणत त्यांनी बुटाचा चिखल तिच्याच कडेला खरवडला.

नवरा गेल्यापासून दर श्राद्धाला हे मुकाट ऐकणाऱ्या अनुपमाबाई शेजारीच उभ्या होत्या.

"घ्या भाऊजी, चांगले पुसून घ्या. दगड तुमचाच हाय," त्या म्हणाल्या. "माह्या अस्थी धाडल्या जातीन, माह्या बापाच्या वावरात."