कडेचा चौकोन

तामलवाडीजवळच्या एका दूध डेअरीत फायनान्सचे प्रमुख रणधीर साहेब यांच्या केबिनमध्ये मोठा स्क्रीन लागला. त्यावर कुठले आकडे दाखवायचे, हे ठरवायचं काम अकाउंटंट शिवकन्याकडं होतं. विक्री, नफा, वाढ हे चौकोन साहेबांनी हसत घेतले. हातातली रोकड किती दिवस पुरेल, या एका चौकोनासाठी मात्र तिला आठवडाभर भांडावं लागलं.

"ठेवा मग, पण कडेला," साहेब शेवटी म्हणाले.

दसऱ्याला मशिनींबरोबर स्क्रीनचीही पूजा झाली, आणि रोकड संपत आल्यानं कडेला लाल झालेला तो आकडा झेंडूच्या जाडजूड हाराखाली झाकून गेला. दुसऱ्या दिवशी शिवकन्या हार काढायला स्टुलावर चढली.

"राहू द्या ओ मॅडम, पूजेचा हार हाय. सुकल की आपोआप," साहेब म्हणाले.

हार सुकला. दिवाळीच्या तोंडावर गळालेल्या फुलांमधून लाल रंग दिसायला लागला. आता तरी साहेब पगाराचं, दूधवाल्यांच्या बिलाचं काहीतरी बोलतील, म्हणून ती समोर उभी राहिली. साहेबांनी त्या आकड्याकडं बघितलं आणि तिच्याकडं वळले.



"मॅडम, उद्यापासनं येताना रोज एक ताजा हार आणत जा."