रविवारची आई

दर रविवारी चार वाजता गडहिंग्लजच्या वैजयंताबाई नेसरीकरांच्या घरी टीव्हीच्या पडद्यावर त्यांचा मुलगा रणजित सीमेवरून बोलायचा. "आई, आपण जिंकतोय. मी मजेत आहे." ऐकायला शेजारणीही जमायच्या आणि युद्ध चालूच राहायला हवं, असं म्हणत घरी जायच्या.

एका दुपारी मृण्मयी नावाची तरुणी दारात आली. ती सरकारच्या प्रचार विभागात कामाला होती.

"काकू, रविवारी दिसतो तो रणजित नाही. त्याचा चेहरा आणि आवाज वापरून ते चित्रण मी संगणकावर तयार करते. तो तीन महिने लष्करी रुग्णालयात आहे. त्याचा पाय गेलाय. जखमी जवान लोकांना दाखवायचे नाहीत, असा हुकूम आहे."

वैजयंताबाई त्याच संध्याकाळी निघाल्या. वॉर्डात त्यांना पाहताच रणजितने मान फिरवली.

"नवा पाय बसवून लढायला गेल्याशिवाय घरी येऊ नकोस, असं तूच म्हणालीस ना?"

त्यालाही दर रविवारी अशीच एक आई दाखवली जात होती.

"मी असं बोलेन का रे?" त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्या स्पर्शाने त्याची खात्री पटली आणि तो रडू लागला.

पुढे गुपित फोडल्याबद्दल मृण्मयीवर खटला चालला. आपल्या बाजूने कोणी येईल, अशी तिला आशा नव्हती. पण वैजयंताबाई साक्षीला उभ्या राहिल्या.

"आरोपी तुमची कोण लागते?" वकिलाने विचारलं.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "आणि तिच्या भावालाही बोलायचंय."

मागच्या बाकावरून रणजित कुबड्यांच्या आधाराने उठला.