लाइन आली

मधुमेहानं बायकोचा पाय कधीचाच बधिर झाला होता. चटका बसला, काच रुतली, तरी तिला कळायचं नाही. टाचेची जखम चिघळली तेव्हाही ती म्हणाली, “दुखत नाही ना, कशाला घाबरता?” आज मात्र ती कळवळत उठली. वायरमन नवरा हरखला. “लाइन आली गं!” म्हणत त्यानं तिला दवाखान्यात आणलं. “डॉक्टर, पाय दुखायला लागला!” डॉक्टरांनी टाच दाबली. पू आला. “काका, बधिर पाय दुखतोय म्हणजे पू खोल गेलाय. आत्ताच कापून साफ करू. पाऊल वाचेलच असं सांगत नाही.” त्याचं तोंड उतरलं. छताकडे बघत पडलेल्या बायकोनंच टोमणा मारला, “जन्मात कुणाचे पाय धरले नाहीत. आज माझा धरा, आहे तोवर.” त्यानं तळवा दोन्ही हातांत घट्ट धरला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “धरलात का हो?”