खिडकीबाहेरची बाबागाडी

सीरियाहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सला आलेल्या हनानच्या तोंडात डॅनिश काही केल्या बसत नव्हतं. कोपऱ्यावरच्या कॅफेत तिने नुसती कॉफी मागितली, तरी मालक प्रेबेन हटकायचाच, "अगं बाई, अर्धा शब्द गिळायचा असतो!" मग आजूबाजूचे लोकही तिला तो शब्द म्हणून दाखवायचे.

या आठवड्यात भाषेच्या वर्गातल्या बाईंनी एक वाक्य पाठ करून ते अनोळखी माणसाला म्हणायला सांगितलं होतं. हनानने निवडलं, "तुमचं बाळ जागं झालंय." कारण रोज कॅफेच्या खिडकीशी बसणाऱ्या सिग्नेची बाबागाडी, बाळांना उघड्यावर झोपवायच्या इथल्या रीतीप्रमाणे, बाहेर थंडीत उभी असायची. बाळ रडलं, की जो जवळ असेल त्याने आत येऊन आईला सांगायचं. पण हे बाळ कधी रडतच नव्हतं.

आज वाऱ्याने गाडी हलली. हनान लगबगीने बाहेर गेली आणि तिने गाडीचा टप मागे सारला. आत नीट खोचलेली दुलई होती, लोकरीची टोपी होती. बाळ नव्हतं.

ती आत आली, तेव्हा सिग्ने खुर्चीतून अर्धवट उठली होती. "उठला का गं तो?"

आजूबाजूचे लोक खिडकीबाहेर बघू लागले. कप पुसता पुसता प्रेबेनने हनानकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. पाठ केलेलं वाक्य सोडून ती दुसरे शब्द जुळवू लागली.

"नाही," ती अडखळत म्हणाली, "छान झोपलाय."

 

त्या दिवशी तिचा उच्चार कोणीही सुधारला नाही.